६५०५, रेक्टिफायर, जेव्हीएम की ५१५० थ्री: हाय-गेन ट्यूब हेड घेताना

आधीच सांगतो, या चारपैकी कुठल्याही हेडमध्ये (म्हणजे गिटारचा अँप, ज्याचा स्पीकर वेगळ्या पेटीत, कॅबमध्ये असतो) गेन, म्हणजे आवाज फाडायची ताकद, कमी पडणार नाही. चारही अँपचा गेन नॉब अर्ध्याच्या पुढे नेलात की पुढे फक्त खरखर आणि फीडबॅक वाढत जातो, नोट्स एकमेकांत कालवल्यासारख्या होतात आणि बँडमध्ये वाजवताना तुम्ही ऐकूच येत नाही. तेव्हा कोणाचा गेन जास्त हा वाद सोडा. पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून काढलेला दबका आवाज) कसा वाजतो, एका सेटमध्ये किती वेगवेगळे आवाज लागतात आणि उद्या बिघडलं तर कोण उघडणार, एवढंच बघा.

पीव्ही ६५०५ म्हणजे मूळचा ५१५०, १९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनसोबत काढलेला. २००४ मध्ये त्यांचं फाटलं, नाव एडीकडे गेलं आणि पीव्हीने तोच अँप स्वतःच्या चाळीशीचं निमित्त करून (१९६५ ते २००५) ६५०५ नावाने पुढे चालू ठेवला. १२० वॅट, चार ६एल६ पॉवर ट्यूब. याचा आवाज कोरडा, दाणेदार, पुढे येणारा, मिडमध्ये गुरगुरणारा, रिफ वाजवली की लगेच कळतं की हेच ते. लीड चॅनेलवर गेन ४-५ ठेवा, पुढे टोन पातळच होतो. क्लीन (न फाटलेला स्वच्छ आवाज) मात्र विसरा, ऱ्हिदम चॅनेलवर गेन खाली आणून जेमतेम काम निघतं. दोन्ही चॅनेलला ईक्यू (बास, मिड, ट्रेबलचे नॉब) एकच, म्हणजे लीडसाठी सेट केलं की क्लीन बोंबलतं, त्याचा त्रास होत असेल तर ६५०५ प्लस बघा, त्यात दोन्हीला वेगळा ईक्यू आहे. अजून एक, मूळ सर्किटमध्ये बायस (पॉवर ट्यूबमधून सतत वाहणारा करंट) ॲडजस्ट करायला पॉटच, म्हणजे फिरवायचा कंट्रोलच नाही आणि कारखान्यातून बायस थंड, म्हणजे कमी ठेवलेला असतो, त्यामुळे वरच्या टोकाला जो किरकिरा भाग येतो तो थोडाफार त्यातूनच. बरेच जण टेक्निशियनकडून पॉट बसवून घेतात, पण वॉरंटीत असताना असं काही करायला जाऊ नका.

ईव्हीएच ५१५० थ्री हा एडीने नंतर फेंडरसोबत काढलेला भाऊ, २००७ चा. मला विचाराल तर चारांमध्ये सगळ्यात कमी डोकं खाणारा. तीन चॅनेल, क्लीन खरंच वापरण्यासारखं, निळा चॅनेल क्रंचपासून (हलक्या फाटलेल्या आवाजापासून) थेट मेटल ऱ्हिदमपर्यंत जातो आणि लाल चॅनेल घेऊनही पुष्कळ लोक आयुष्यभर निळ्यावरच वाजवतात, त्यात मीही. ६५०५ पेक्षा गुळगुळीत, लो एंड घट्ट, पण तो रांगडेपणा जरा कमी. एक गोष्ट दुकानातच तपासा: १०० वॅटच्या हेडमध्ये प्रत्येक चॅनेलला स्वतःचे कंट्रोल असतात, ५० वॅटमध्ये पहिल्या दोन चॅनेलना बरंच काही वाटून घ्यावं लागतं, तेही कुठल्या वर्षाचं मॉडेल आहे त्यावर. ५० आणि १०० वॅटमध्ये आवाजाचा फरक जेमतेम ३ डेसिबल असतो, त्यामुळे फक्त "जास्त मोठा" म्हणून १०० घेऊ नका, कंट्रोलसाठी किंवा घट्ट लो एंडसाठी घेतलात तर ठीक.

मेसा बूगी ड्युअल रेक्टिफायर वेगळं जनावर आहे. हाही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. गंमत म्हणजे याच्या आणि ५१५० च्या प्रीअँपचं (टोन आणि गेन घडवणाऱ्या पहिल्या टप्प्याचं) मूळ शोधत गेलं तर दोघंही सोल्डानो एसएलओ-१०० या अँपच्या घरी पोचतात, तरी वाजतात अगदी वेगळे. याचा लो एंड जाड, पसरलेला, ओपन कॉर्ड वाजवली की भिंत उभी राहते. नावाप्रमाणे यात रेक्टिफायर (एसी विजेचं डीसी करणारा भाग) निवडता येतो, सिलिकॉन डायोड लावला की झटपट आणि टणक, ट्यूब लावली की जोरात स्ट्रोक मारल्यावर आवाज किंचित दबून मग फुलतो. मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (पॉवर अँपला लगाम घालणारं सर्किट, शिट्टीवाला फीडबॅक नव्हे) काढून टाकलेला असतो म्हणून तो इतका मोकाट वाटतो, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच फसतात: बास नॉब घड्याळाच्या ३ वर, गेनही ३ वर, आणि मग म्हणतात हा अँप म्हणजे नुसता चिखल. अहो, याचा लो एंड मुळातच जाड, बास खाली घ्या, गेन १२ च्या आसपास ठेवा आणि अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह पेडल) लावा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल. पेडल लो कापतं आणि मिड पुढे ढकलतं, मग हाच अँप सुरीसारखा कापतो. पण पेडलशिवाय, केबल लावली की वाजला, असा हवा असेल तर हा तुमचा नाही.

मार्शल जेव्हीएम४१०, चार ईएल३४, चार चॅनेल आणि प्रत्येकाला तीन मोड, म्हणजे बारा आवाज, शिवाय रिव्हर्ब, दोन मास्टर व्हॉल्यूम आणि मिडी (बाहेरच्या यंत्राने चॅनेल बदलायची सोय). क्लीनपासून मेटलपर्यंत सगळं एकाच हेडमधून काढायचं असेल, कव्हर बँड असेल, तर फीचर्समध्ये बाकी तिघे याच्या जवळही येत नाहीत. ओडी वन चॅनेल भारी आहे, पेटवलेला जेसीएम८०० (मार्शलचाच जुना अँप) समजा. ओडी टू मला जरा दाबलेला आणि भणभणणारा वाटतो, ड्रॉप ट्यूनिंगला (तार खालच्या सुरात लावून वाजवताना) तर ५१५० घराण्यासमोर फिकाच पडतो. पण ईएल३४ चा तो मिड, सोलो घेताना बँडच्या वर येतो तो, तो इतरांत नाही.

आता वॉरंटी, जी कोणी वाचत नाही. मेसा अमेरिकेत पहिल्या मालकाला ५ वर्षांची मर्यादित वॉरंटी देत आलीय, बाकीच्यांची मुदत देशाप्रमाणे बदलते, म्हणून तुमच्याकडच्या अधिकृत डीलरचं कार्डच वाचा. मुदतीपेक्षा बारीक अक्षरं महत्त्वाची: ट्यूब्सना सहसा काही महिनेच कव्हर असतं, सेकंडहँड मालकाला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, परदेशातून आणलेला तुकडा स्थानिक सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं, वर व्होल्टेजचा घोळ वेगळाच. जाण्यायेण्याचं भाडं कोण भरणार तेही विचारा, वीसेक किलोचं धूड आहे ते. आणि चुकीच्या वापराने ट्रान्सफॉर्मर गेला तर कोणीच देत नाही. मी एकदा घाईत हेडपासून कॅबला गिटारचीच केबल लावली होती, दिसायला सारखीच ना! पाच मिनिटांत केबल गरम झाली, नशीब वास वेळेत आला. स्पीकर केबल वेगळी असते, कॅब न जोडता हेड कधीच चालू करायचं नाही, ४-८-१६ ओहम जुळवून घ्यायचे.

जुना घेणार असाल तर चालू अँपवर पेन्सिलच्या रबराने एकेक प्रीअँप ट्यूब हळूच टिचकून बघा. स्पीकरमधून घंटीसारखा आवाज आला तर ती १२एएक्स७ मायक्रोफोनिक झालीय, एक ट्यूब बदलली की झालं, भाव पाडायला मात्र तेवढं पुरतं. पॉवर ट्यूब जास्त करंट ओढत असेल, तिची प्लेट लाल होत असेल, तर तिथेच बंद करा आणि उठा.