पॅलाडिओ राईस पेपर: सात महिने वापरल्यानंतर

ब्लॉटिंग पेपर म्हणजे चेहऱ्यावरचं तेल टिपायचा पातळ कागद, वापरणाऱ्यांना माहितीये. मी ह्यूस्टनला राहते, इथला उन्हाळा म्हणजे मुंबईचा मे महिनाच. हा पेपर घेतला तो निव्वळ नावामुळे, आर्किटेक्चर शिकल्यापासून सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पॅलाडिओ माझं दैवत आहे.

पहिलं पाकीट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं आणि डोकं फिरलं. सील फोडलेलं, कागद दमट होऊन एकमेकांना चिकटलेले, परत घ्या म्हटलं तर म्हणे ब्युटीचा माल परत घेत नाही. चार मेल, तीन फोटो, शेवटी अर्धे पैसे. तेव्हाच एक स्टार देऊन मोकळी होणार होते, पण बहीण म्हणाली एकदा दुकानातून घेऊन बघ.

ताजं पाकीट आणलं, 40 कागद, आणि माझं मत पार बदललं. एका बाजूला तांदळाची पावडर असते. सुरुवातीला मी तीच बाजू घासायचे आणि पीठ फासल्यासारखं दिसायचं. आधी कोरी बाजू नाकाकपाळावर नुसती दाबायची, तेल टिपून कागद काचेसारखा पारदर्शक होतो, मग उलटून पावडरची बाजू हलकेच टेकवायची. घासायचं नाही म्हणजे नाही! आता मी कात्रीने प्रत्येक कागदाचे दोन भाग करते, अर्ध्यात काम होतं, 40 चे 80. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, हे तर आपलं तांदळाचं पीठच की."

नावाबद्दल ऑफिसमधे सगळे विचारतात. तर मुळात पॅलाडिओचंही ते जन्माचं आडनाव नव्हे. 1508 साली पादुआत जन्मलेला चक्कीवाल्याचा मुलगा, आंद्रेआ दी पिएत्रो, आधी दगड घडवायला शिकला. इटलीतल्याच विचेन्झा शहरातला विद्वान सरदार त्रिस्सिनो याने त्याला हाताशी धरलं आणि पॅलास अथीना देवीवरून हे नाव दिलं.

जुलैमधे विचेन्झाला गेले तेव्हा हे पाकीट पर्समधेच होतं. पॅलाडिओच्या व्हिलांचे खांब बघून लोकांना संगमरवर वाटतो, पण कितीतरी ठिकाणी आत साध्या विटा आहेत, वरून चुन्याचा गिलावा, खऱ्या दगडाचा खर्च फक्त खालच्या बैठकीला आणि वरच्या टोकाला. म्हणून तो मला इतका आवडतो, पैसा कुठे घालायचा हे त्याला नेमकं कळत होतं. तिथल्या बॅसिलिका या जुन्या सार्वजनिक इमारतीसमोर त्याचीच 1571 ची लोज्जा देल कापितानियातो ही कमानींची इमारत आहे, तिचे प्रचंड अर्धखांब तर उघड्या विटांचेच दिसतात. मी जवळ जाऊन हात लावला, विटा तापलेल्या, कडा झिजून गोल झालेल्या, मधले सांधे बारीक. तिथेच सावलीत उभं राहून अर्धा कागद काढला, कपाळ टिपलं आणि परत वर बघत बसले.

पाच स्टार. फक्त दुकानातूनच घ्या आणि घेण्याआधी सील बघा.