फिग्मा, १८० माणसं आणि ११ महिने : वापरानंतरचा अनुभव

फिग्मा म्हणजे ॲपच्या आणि वेबसाइटच्या स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर. आधी आमचा पसारा सांगते, म्हणजे हे वाचणं तुमच्या उपयोगाचं आहे की नाही ते कळेल. कंपनी विम्याची. मुख्य ऑफिस गोरेगावला, डेव्हलपर बहुतेक ऐरोलीत, शिवाय दोन व्हेंडरांची माणसं. स्क्रीन काढणारे डिझायनर ३४. पण त्या स्क्रीन बघणारे, त्यांवर बोट ठेवणारे, त्यांवरून कोड लिहिणारे आणि शेवटी मंजुरी देणारे धरले की आकडा १८०च्या घरात जातो. तुमचा चार-पाच जणांचा स्टुडिओ असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. तुम्ही काहीही घेतलंत तरी सुखात राहाल.

पूर्वी आमच्याकडे याच कामाचं स्केच नावाचं सॉफ्टवेअर होतं. २०१० पासूनचं, हलकं, मला अजूनही आवडतं. पण ते मॅकवर चालतं, आणि आमच्याकडे मॅक फक्त डिझायनरांच्या टेबलावर. ऐरोलीत सगळं विंडोज. बघण्यापुरती वेबवर सोय आहे, ती लावून घ्यायचा आम्ही कायम आळस केला. त्यामुळे इमेज काढायच्या, मेल करायच्या, शेअर्ड ड्राइव्हवर टाकायच्या. त्या ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल साहेबांनी पाहिलेली' असे तीन फोल्डर होते, आणि ॲपमध्ये गेलं होतं ते चौथंच.

निवड करताना ॲडोबीचं त्याच कामाचं एक्सडी यादीतच घेतलं नाही. ॲडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये २० अब्ज डॉलरला फिग्मा घ्यायची घोषणा केली, युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या नियामकांनी हरकती घेतल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये व्यवहार मोडला. त्या मधल्या काळात एक्सडी नुसत्या देखभालीवर गेलं. जे बनवणाऱ्यांनीच बाजूला ठेवलंय ते १८० माणसांच्या गळ्यात कशाला घालायचं?

आयटी सिक्युरिटीचा जीव पेनपॉट या तिसऱ्या पर्यायावर होता. मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या सर्व्हरवर डॉकर नावाच्या साधनाने चढवता येतं, मुळात एसव्हीजी या चित्रांच्या खुल्या फॉरमॅटवर उभं, म्हणजे उद्या सोडायचं झालं तरी काम कुलपात अडकत नाही. हा मुद्दा मला आजही खरा वाटतो. तीन आठवडे वापरून पाहिलं. मग आयटीच्या मुलाला विचारलं, "रात्री दोनला सर्व्हर बसला तर उठणार कोण?" तो म्हणाला, "मॅडम, ते तुम्ही ठरवा ना." विषय तिथेच मिटला. तुमच्याकडे उठणारं माणूस असेल तर पेनपॉट जरूर बघा.

राहिलं फिग्मा. खरेदी विभागाने ६२ ओळींची तुलनेची शीट बनवली होती. हे आहे का, ते आहे का, सगळीकडे 'हो'. तिच्यावर आम्ही दोन महिने घालवले, आणि पुढच्या अकरा महिन्यांत ज्या गोष्टींनी घाम काढला त्यांतली एकही त्या शीटमध्ये नव्हती.

पहिली म्हणजे आमचंच नेटवर्क. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं आणि एका फाईलवर दहा जण एकदम काम करतात, ते वेबसॉकेट नावाच्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीमुळे. आमचा ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी सर्व्हर, येणारं-जाणारं सगळं उकलून तपासतो आणि अशी जोडणी त्याला संशयास्पद वाटते. घरून फाईल झटकन उघडायची, गोरेगावात बसून नुसतं चक्र फिरायचं. बारा दिवस आम्ही लॅपटॉपला शिव्या घातल्या. शेवटी प्रॉक्सीत एक नियम बदलला आणि सुरळीत झालं. ट्रायल घेताना ती ऑफिसच्या वायरवर, प्रॉक्सीच्या आतूनच घ्या. आम्ही हॉटस्पॉटवर घेतली होती, ही आमची अक्कल.

उलट बाजूही सांगते. जुलैत दोन दिवस ट्रॅकवर पाणी आलं, कोणी घराबाहेर पडलं नाही. डोंबिवली, वसई, पनवेल, जो तो आपापल्या घरी, आणि क्लेम फॉर्मच्या एकाच फाईलवर बावीस कर्सर फिरताना दिसत होते. ऐरोलीचा एक जण तिथेच कमेंट टाकत होता, "ताई, हे बटण कुठे नेतं?" जुन्या पद्धतीत ते दोन दिवस पाण्यातच गेले असते.

आता मराठीबद्दल, कारण यावर कोणी लिहीत नाही. आमचं ॲप चार भाषांत आहे. फिग्मात व्हेरिएबलमध्ये, म्हणजे बदलता येणाऱ्या कप्प्यात, मजकूर ठेवता येतो आणि प्रत्येक भाषेचा एक मोड करता येतो. मोड बदलला की अख्खी स्क्रीन मराठीत. ज्या दिवशी हे बसवलं त्या दिवशी आमची लाज चव्हाट्यावर आली. 'नॉमिनी'च्या जागी कायदेशीर मराठीत 'नामनिर्देशित व्यक्ती', ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन ओळी. 'मॅच्युरिटी'च्या जागी 'मुदतपूर्ती'. हा एक शब्द नीट बघा : 'पू'चा ऊकार खाली लोंबतो, 'र्ती'चा रफार आणि वेलांटी वर चढतात. इंग्रजीला बेतलेल्या चोवीस पिक्सेल उंचीच्या ओळीत तो वरूनही कापला जात होता आणि खालूनही. सहा वर्षं ॲप मराठीत आहे, सहा वर्षं ग्राहक अर्धा रफार वाचतायत, आणि आम्हाला पत्ता नाही, कारण डिझाइन कायम इंग्रजीत तपासलं जायचं. आता नियम केलाय : कॉम्पोनंट, म्हणजे बटणासारखा तयार भाग, आधी मराठी मोडमध्ये पास, मग इंग्रजीत.

त्यातच ल आणि श. मराठी वळणाचे ल, श देवनागरी फॉन्टमध्ये असले तरी मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय उमटत नाहीत. एरवी हिंदी वळणाचे येतात. डेव्हलपरने ॲपमध्ये भाषेची खूण घातली, फोनवर आपला ल आला. आमच्या फाईलमध्ये मात्र दुसराच. टेस्टरने इमानदारीने बग टाकला : 'अक्षर डिझाइनप्रमाणे नाही.' तो बग बंद करायला मला पाऊण तास ल शिकवावा लागला. शेवटी फाईलमध्ये पिवळी चिठ्ठी लावली की इथला ल प्रमाण मानू नये.

लायब्ररीचं, म्हणजे सगळ्या फाईलींनी वापरायच्या अशा तयार भागांच्या साठ्याचं, मोठ्या टीमला खरंच वजन आहे. बटण एका जागी बदललं की चाळीस फाईलींत बदलतं, आणि ब्रांच, म्हणजे वेगळी प्रत, काढून आधी तपासणी, मग मुख्य लायब्ररीत विलीन, अशी सोय ऑर्गनायझेशन आणि एंटरप्राइझ या वरच्या दोन प्लॅनमध्ये आहे. आम्ही तिसऱ्या महिन्यापर्यंत ती वापरलीच नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी मूळ लाल रंग जरा 'ताजा' केला आणि सोमवारी सगळ्या प्रॉडक्टचे एरर मेसेज गुलाबी. तेव्हापासून ब्रांचशिवाय पब्लिश नाही. पण कॉम्पोनंट डिटॅच करून, म्हणजे लायब्ररीपासून तोडून, मनासारखा वाकवायची सवय कुठलंच सॉफ्टवेअर मोडत नाही. त्यासाठी आमच्यातलीच एक मुलगी दर गुरुवारी फाईली झाडते. तिच्या कामाचं नाव 'डिझाइन ऑपरेशन्स' आहे, ती स्वतः त्याला केरवारा म्हणते.

सगळ्यात जास्त ज्याने झोप उडवली ते वेगळंच. एका प्रॉडक्ट मॅनेजरने चालू सिस्टिमचा स्क्रीनशॉट, खऱ्या ग्राहकाच्या मोबाइल आणि पॉलिसी नंबरसकट, संदर्भासाठी फाईलमध्ये चिकटवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे असं पडून राहणं म्हणजे घरात फटाके सुकत घातल्यासारखं. मी कॅनव्हासवरून काढला आणि निर्धास्त झाले. कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाच्या, मॅडमनी फोन केला : "काढलंत ना? मग मागची आवृत्ती उघडून दाखवा." आवृत्तींच्या इतिहासात तो तसाच होता. नवी फाईल करून स्वच्छ तेवढं हलवलं आणि जुनी कायमची पुसली. आता आमच्या नमुना डेटातल्या ग्राहकाचं नाव अबक आहे आणि मोबाइलमध्ये दहा शून्यं. बाहेर कोणालाही उघडेल अशी लिंकही वरच्या प्लॅनमध्ये ॲडमिनला बंद करता येते. ती पहिल्याच दिवशी करा, आम्ही पाचव्या महिन्यात केली.

कर्मचारी सोडून गेला की कंपनीच्या लॉगिनशी जोडल्यामुळे त्याचा प्रवेश आपोआप बंद होतो. पण व्हेंडरची मुलं पाहुणे म्हणून, स्वतःच्या मेलवर आलेली. सहामाही तपासणीत काम संपवून गेलेले एकोणीस पाहुणे आत सापडले. त्यांतले दोघं दुसऱ्या विमा कंपनीच्या कामावर लागले होते. त्यांनी काही बघितलं नाही असं ते म्हणाले, आणि आम्हीही मानून घेतलं.

फाईल जड झाली तर टॅबच्या मेमरीला मर्यादा आहे, हे लक्षात असू द्या. तीनशे स्क्रीन आणि कॅमेऱ्यातले मूळ आकाराचे फोटो एका पानावर ठेवू नका, बस.

सोडायची वेळ आली तर? फिग्माची फाईल उतरवून घेता येते, पण ती पुन्हा नीट उघडायची जागा मुख्यतः फिग्माच. इनव्हिजन ही या धंद्यातली एके काळची दादा सेवा, ३१ डिसेंबर २०२४ ला तिने डिझाइनचं दुकान आवरलं. म्हणून रंग, अंतरं, अक्षरांची मापं आम्ही जेसन या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढून कोडच्या साठ्यात (रेपॉझिटरीत) ठेवतो, आणि दर रिलीजच्या मंजूर स्क्रीन पीडीएफमध्ये. चित्रं पुन्हा काढता येतील. नियम हरवले तर कोणाला विचारणार?

राहिला पैसा. २०२५ पासून सीटचे, म्हणजे माणशी परवान्याचे, असे प्रकार आहेत : फुल, डेव्ह, कोलॅब, आणि फुकट व्ह्यू. सुरुवातीला जो मागेल त्याला मी फुल दिली, नाही म्हणायला संकोच वाटायचा. पुढच्या महिन्यात रिन्यूअल, म्हणून गेल्या शुक्रवारी दादरहून परतताना लोकलमध्ये यादी घेऊन बसले. ठाण्यापर्यंत ४१ नावं व्ह्यूवर टाकली. सोमवारी सकाळी नऊला एका वरिष्ठ साहेबांचा मेसेज : "माझं एडिट का काढलं?" मी त्यांचा इतिहास उघडला. अकरा महिन्यांत एकच नोंद होती, मे महिन्यातली : एक चौकोन डावीकडे सरकवला, आणि लगेच जागेवर ठेवला.