ट्रॅकवालं स्टेडियम: तिकीट खालचं काढावं की वरचं?

खालच्या स्टँडचा मोह मला कळतो. खेळाडू माणसाएवढे दिसतात, प्रशिक्षकाची आरडाओरड कानावर येते. पहिल्यांदा मीही चौथ्या रांगेचंच तिकीट काढलं होतं, वर बसलेल्यांची थोडी कीवही केली होती.

पण फुटबॉलच्या मैदानाभोवती ४०० मीटरचा ट्रॅक असला की ‘जवळ’ला फारसा अर्थ उरत नाही. आठ लेन म्हणजेच जवळपास १० मीटर, शिवाय मोकळी पट्टी, मग जाहिरातींचे फलक. चौथ्या रांगेतली नजर इतकी आडवी जाते की फलकामागचं काही मीटर मैदान झाकलंच जातं. आमच्या बाजूचा विंगर कडेने निघाला की त्याचं कमरेवरचं धड तेवढं सरकताना दिसे, चेंडू गायब! थ्रो-इन कोणाचा, हे मी लाइन्समनच्या झेंड्यावरून ओळखत होतो. एकदा सगळा स्टँड उठून ओरडला आणि मी शेजाऱ्याला विचारलं, “काय झालं?” नव्वद मिनिटं हेच.

हा अनुभव माझ्या उंचीचा आणि माझ्या रांगेचा. विसाव्या रांगेत कदाचित इतकं खटकणार नाही.

वर चेहरे ओळखू येत नाहीत, गुडघे कुरकुरतात, आणि उंचीची भीती असेल तर तो उतार पोटात गोळा आणतो. पण समोरच्याचं डोकं सहसा आड येत नाही. बचावफळीत भगदाड कुठे पडतंय, हे पास निघायच्या आधी दिसतं. गोलमागच्या जागा मात्र खाली-वर दोन्हीकडे टाळाव्यात. ट्रॅकच्या वळणामुळे तिथून गोल फारच लांब राहतो.

हे दुखणं जुनंच आहे. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये (१९९८) खालचा स्टँडच सरकता ठेवलाय: फुटबॉलला पुढे, शर्यतींना मागे. तिथे खाली बसायला माझी हरकत नाही. तुरिनमध्ये तर १९९० च्या विश्वचषकासाठी ट्रॅकसह बांधलेलं देल्ले आल्पी पुढे पाडलं आणि २०११ मध्ये त्याच जागी ट्रॅकविना, बरंच लहान स्टेडियम उभं राहिलं.

शर्यती बघायच्या असतील तर प्रश्न वेगळा. तेव्हा मी अजूनही खालीच बसतो, फिनिश लाइनच्या जरा अलीकडे. खिळ्यांच्या बुटांचा आवाज वर पोचत नाही.