मोठ्या कंपनीतली बिझनेस अ‍ॅनालिस्ट अ‍ॅप्रेंटिसशिप की छोट्या फर्ममधली थेट नोकरी?

बीसीएस, बीबीए, बीकॉम किंवा इंजिनिअरिंग संपलंय आणि समोर दोन पत्रं आहेत. एक मोठ्या आयटी कंपनीचं किंवा बँकेचं : बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए, म्हणजे ग्राहकाला सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवं ते समजून घेऊन लिहून देणारा) अ‍ॅप्रेंटिस, एक वर्ष, विद्यावेतन, पुढचं काही नक्की नाही. दुसरं पुण्यातल्या पंचवीस-तीस जणांच्या सॉफ्टवेअर फर्मचं : ज्युनिअर बीए, पगार, पीएफ, सोमवारपासून रुजू व्हा. घरची मंडळी बहुधा पहिल्याकडे झुकतात, कारण नाव मोठं. मी याच कामात आहे आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. माझ्या मते नावाआधी एक गोष्ट बघावी : या वर्षात तुम्ही स्वतः काही लिहिणार का, आणि ते वाचून तुम्हाला प्रश्न कोण विचारणार? बीए त्या प्रश्नांमधूनच तयार होतो.

आधी पैसा आणि कायदा

पत्रात 'नॅट्स' (केंद्र सरकारची पदवीधरांसाठीची अ‍ॅप्रेंटिसशिप योजना) किंवा १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याचा उल्लेख असेल, तर तुम्ही कंपनीचे कर्मचारी नसता, प्रशिक्षणार्थी असता. पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी विमा) लागू होत नाही. कामावर अपघात झाला तर भरपाईची तरतूद मात्र आहे. वर्ष संपल्यावर तुम्हाला नोकरीत घ्यायचं बंधन कंपनीवर नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच आहे. २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधरासाठी महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि नॅट्समध्ये या किमान रकमेतला अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते, म्हणून करारातला आकडाच खरा धरा.

चिंचवडला स्वतःचं घर असलेल्या मुलीला एवढ्यात वर्ष काढता येतं. लातूरहून येऊन वाकडला कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेस लावणाऱ्या मुलाला घरून पैसे मागवावे लागतात. घरी पैसे पाठवण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल तर छोट्या फर्मची नोकरी बिनदिक्कत घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

एक अट फार जणांना उशिरा कळते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त कामाचा अनुभव झाला की नॅट्सचा दरवाजा बंद होतो, आणि आधी अ‍ॅप्रेंटिसशिप झाली असेल तर पुन्हा करता येत नाही. 'आधी दोन वर्षं छोट्या फर्ममध्ये काढतो, मग अ‍ॅप्रेंटिस म्हणून मोठ्या कंपनीत शिरतो' हा बेत जमत नाही. उलटा क्रम जमतो.

मोठ्या कंपनीत खरं काय मिळतं

कर्जाच्या हप्त्यांच्या सिस्टिममधली एक ओळ घ्या : 'हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी वसुली करावी.' १ ऑगस्ट २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने नाच (एनएसीएच) ही खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी प्रणाली आठवड्याचे सगळे दिवस सुरू केली, म्हणजे रविवारीही खात्यातून हप्ता वळता होऊ शकतो. नवख्या माणसाला वाटतं, ती ओळ खोडली की झालं. चांगल्या टीममध्ये तसा मसुदा पाठवला की लीगलवाले विचारतात, जुन्या कर्जदारांच्या करारात 'कामकाजाचा दिवस' असं लिहिलंय त्यांचं काय? ऑपरेशन्सवाले विचारतात, रविवारी हप्ता बाउन्स झाला तर ग्राहकाला फोन कोण करणार? टेस्टर विचारतो, दंडाचा हिशोब कोणत्या दिवसापासून? एका ओळीच्या बदलामागे बीआरडीची (गरजा नोंदवणाऱ्या दस्तऐवजाची) चार पानं होतात, मग युजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली गरज), अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम पूर्ण झालं हे ठरवायचे निकष), यूएटी (वापरणाऱ्यांनी स्वतः केलेली चाचणी). हे सगळं एका जागी, शिस्तीत, सीनियर बीएच्या शेजारी बसून बघायला मिळणं ही मोठ्या कंपनीची खरी कमाई आहे, आणि ती पुढची अनेक वर्षं पुरते.

पण ती प्रत्येकाला मिळत नाही. तीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यामुळे काही मुलं टीमने मागितली म्हणून येतात, तर काही आकडा पूर्ण करायला भरलेली असतात. दुसऱ्या प्रकारात सिस्टिमचा अ‍ॅक्सेस मिळायलाच आठवडे जातात. नंतर मीटिंगचे मिनिट्स काढणं, यूएटीचे स्क्रीनशॉट एक्सेलमध्ये चिकटवणं, जिरा या कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं इकडून तिकडे हलवणं यातच वर्ष निघून जातं. अशी मुलं मुलाखतीला येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. सगळे शब्द पाठ असतात, पण 'तू स्वतः लिहिलेली एक रिक्वायरमेंट (ग्राहकाची गरज) सांग' म्हटलं की ती गप्प होतात. हुशारीत ती कुठेच कमी नसतात, त्यांना काम दिलेलंच नसतं.

म्हणून होकार देण्याआधी एचआरला नेमकं विचारा. माझी टीम कोणती? त्या टीममध्ये सीनियर बीए आहे का, आणि माझं लिखाण तोच तपासणार का? जिरा, कॉन्फ्लुएन्स (टीमचे दस्तऐवज ठेवायची जागा) आणि डेटाबेसचा अ‍ॅक्सेस मिळेल का? गेल्या तुकडीतल्या किती जणांना कायम केलं? उत्तर 'रुजू झाल्यावर कळेल' असं आलं, तर त्या तुकडीतल्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर गाठून विचारा. ते मोकळेपणाने बोलतात.

छोट्या फर्ममध्ये

इथे ग्राहक थेट समोर असतो. समजा, फर्म भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी ईआरपी, म्हणजे खरेदी, माल, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बनवते. मालक सांगतो, 'आमचं साधं आहे, माल पाठवायचं चलन निघालं पाहिजे.' तुम्ही अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन बसता, तर तिथल्या मॅडमकडे एक वेगळी वही. जॉब वर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर गेलेला माल त्यात तारखेनिशी लिहिलेला, काही नोंदींना लाल पेनाने गोल. जीएसटीत जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. त्या लाल गोलांतच खरी रिक्वायरमेंट होती : मुदत संपत आलेल्या चलनांची यादी. मालकाला ती सुचली नाही, कारण ती वही त्याने कधी उघडलेलीच नाही. माणसाच्या शेजारी बसून काम बघण्याची ही सवय मोठ्या कंपनीतल्या अ‍ॅप्रेंटिसला क्वचितच लागते. शिवाय इथे एसक्यूएलवर (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेवर) हात लवकर बसतो, कारण रिपोर्ट काढून द्यायला दुसरं कोणी नसतं.

तोटा असा की तुम्हीच बीए, तुम्हीच टेस्टर, तुम्हीच ट्रेनर आणि रात्री सपोर्टचे फोनही तुम्हालाच. रिक्वायरमेंट व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर येते आणि डेव्हलपरला तोंडीच सांगितली जाते. महिनाभराने ग्राहक म्हणतो 'मी असं बोललोच नव्हतो', आणि दाखवायला कागद नसतो. तुमचं लिखाण तपासणारं कोणी नसलं की चुका सवयी होऊन बसतात. यावर उपाय तुमच्याच हातात आहे. प्रत्येक बोलण्यानंतर एका पानाचा मेल टाका आणि 'हे बरोबर आहे का' असं विचारून ग्राहकाचं उत्तर घ्या.

माझा कल विचाराल तर : सीनियर बीए शेजारी मिळणार असेल आणि घरची ओढाताण होणार नसेल, तर मोठी कंपनी घ्या, कायम करण्याची हमी नसली तरी. पत्रात फक्त 'प्रोजेक्ट सपोर्ट' असेल आणि टीमचं नावही कोणी सांगत नसेल, तर छोटी फर्म. एमबीएचा विचार असेल तर तो यातल्या कुठल्याही एका वर्षानंतर करा. केस स्टडी वाचताना ते वर्ष कामी येतं.

दोन्हीकडे कागद मात्र जपा. अ‍ॅप्रेंटिसचा यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) नसल्यामुळे पुढच्या कंपनीच्या पडताळणीत ते वर्ष पीएफच्या नोंदीत दिसत नाही. नोंदणीकृत करार, विद्यावेतन जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र या तिन्हींच्या प्रती ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून बीएच्या कामाचे तास तारखेनिशी लिहायला लागा. आयआयबीए या बीएंच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सीसीबीए या प्रमाणपत्र परीक्षेसाठी गेल्या सात वर्षांतले किमान ३,७५० तास दाखवावे लागतात, आणि ते नंतर आठवून लिहिणं फार कठीण जातं.