कुंभारगावची होडी आणि कलहंसाचा शोध

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या उथळ कडेला, भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात, आता दर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात आणि येथील होडीसेवा बहुतांशी त्यांच्याच दर्शनासाठी बेतलेली आहे. आम्हांला मात्र महाराष्ट्रात क्वचितच दिसणारा कलहंस (ग्रेलॅग गूज) शोधायचा होता.

जानेवारीच्या अखेरीस पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडू लागले असताना आम्ही कुंभारगावातील एका नावाड्याची होडी ठरवली. सूर्योदयापूर्वी निघण्याचे ठरले असूनही, सोबतच्या दुसऱ्या गटाची वाट पाहण्यात पाऊण तास गेला, ही तक्रार नोंदवणे भाग आहे. पाण्यात शिरल्यावर त्या गटातील एकाने रोहितांचा थवा उडवून दाखवण्याचा आग्रह धरला, तेव्हा नावाड्याने ठाम नकार दिला. मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली.

त्याची नजर आमच्या दुर्बिणीहून तयार होती. चक्रवाक, थापट्या आणि शेकाट्या आम्ही ओळखण्यापूर्वीच तो सांगत होता आणि उथळ पाण्यात इंजिन बंद करून बांबूने होडी रेटत असल्यामुळे पट्टकादंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या बार-हेडेड गूज पक्ष्यांचा) थवा शांतपणे चरत राहिला. त्यात डोक्यावर काळे पट्टे नसलेला एक पक्षी दिसताच आम्ही हरखून गेलो. "साहेब, ते पिल्लू आहे, पट्टे अजून यायचेत," असे म्हणून त्याने आम्हांला जमिनीवर आणले. ते बरोबरच होते: पट्टकादंबाच्या पहिल्या हिवाळ्यातील पक्ष्याला ते ठळक आडवे पट्टे नसतात, आणि कलहंसाची गुलाबी चोच व गुलाबी पाय येथे कुठेच नव्हते.

होडीत सावलीची सोय नाही आणि बसण्याची फळी तीन तासांनंतर अंगावर येते. दुर्मीळ पक्ष्यांच्या शोधात जाणाऱ्यांनी स्वतंत्र होडी घ्यावी, वेळ व दर आदल्या दिवशीच पक्के करावेत आणि स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण) काठावरच ठेवावा, कारण हलत्या होडीत तो निरुपयोगी ठरतो. किनाऱ्यावर मिळालेली तळलेली चिलापी मासळी उत्तम होती. कलहंस दिसला नाही. फेब्रुवारीत पाणी आणखी उतरले की आम्ही पुन्हा त्याच नावाड्याकडे, या वेळी एकटेच, जाणार आहोत.