टोरिक भिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून त्या जागी टोरिक भिंग, म्हणजे दृष्टिवैषम्याचा दोषही भरून काढणारे कृत्रिम भिंग, बसवले, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. उजव्या डोळ्यात त्याआधीच साधे, एकाच अंतराचे भिंग बसवलेले असल्यामुळे एकेक डोळा झाकून दोन्हींची तुलना मला रोज करता येते. निष्कर्ष आधीच सांगतो. सिलेंडर नंबर (दृष्टिवैषम्याचे माप) दोन डायॉप्टरच्या (भिंगाच्या शक्तीचे एकक) आसपास असेल, तर हे भिंग घेण्याजोगे आहे. मात्र त्याचा फायदा कोणत्या कंपनीचे भिंग निवडले यापेक्षा मोजणी किती काटेकोर झाली आणि भिंग कोणत्या कोनात बसले, यावर अधिक अवलंबून असतो.

दृष्टिवैषम्यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा सर्व दिशांना सारखा गोल नसतो; चमच्याच्या पाठीसारखा तो एका दिशेने जास्त वाकलेला असतो. माझ्या डाव्या डोळ्यात हा फरक २.२५ डायॉप्टर होता, तर उजव्यात अर्ध्या डायॉप्टरहूनही कमी. माझी सारी नोकरी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवण्यात झाली. तेव्हाही डाव्या डोळ्याने चष्म्याविना पाहिले की आलेखाच्या कागदावरील उभ्या रेषा ठळक आणि आडव्या पुसट दिसत असत. साध्या भिंगाने मोतीबिंदू गेला असता, पण हा दोष तसाच राहून सिलेंडरचा चष्मा कायम लागला असता. टोरिक भिंगात तो सिलेंडर भिंगातच घातलेला असतो, आणि म्हणूनच ते ठरलेल्या अक्षावरच बसावे लागते.

हा कोनाचा हिशेब मला सर्वांत रोचक वाटला. भिंग ठरलेल्या अक्षापासून जितके अंश सरकेल, त्या कोनाच्या साइनची दुप्पट गुणिले भिंगाचा सिलेंडर, इतका दोष शिल्लक राहतो. दहा अंश चुकले तर सुमारे एक तृतीयांश, म्हणजे माझ्या बाबतीत जवळजवळ पाऊण डायॉप्टर; तीस अंश चुकले तर दोष पूर्वीइतकाच राहून केवळ त्याची दिशा बदलते. जपानमधील किमिया शिमिझू यांनी १९९२ मध्ये अशी भिंगे प्रथम वापरली, तेव्हा ती डोळ्यात फिरण्याची अडचण मोठी होती. आजची अ‍ॅक्रिलिक भिंगे डोळ्यातील मूळ भिंगाच्या नैसर्गिक पिशवीला चिकटून राहत असल्याने ती कमी फिरतात. जे फिरणे होते ते बहुतांशी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत होते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून त्या दिवशी घरी जाऊन निमूट पडून राहण्याची डॉक्टरांची सूचना मी अक्षरशः पाळली.

आडवे झाल्यावर डोळा स्वतःभोवती काही अंश वळू शकतो, त्यामुळे मला बसवूनच बुबुळाच्या कडेला शाईच्या खुणा केल्या गेल्या. त्याआधीची मोजणी एकदा नव्हे, पुन्हा झाली. डोळे कोरडे असले की पडद्याची मापे बदलतात, म्हणून आधी काही आठवडे थेंब टाकायला सांगितले होते. पडद्याच्या मागच्या पृष्ठभागाचाही दृष्टिवैषम्यात वाटा असतो. अमेरिकेतील डग्लस कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो सरासरी ०.३ डायॉप्टर असल्याचे दाखवले. केवळ पुढचा पृष्ठभाग मोजून गणित केले तर काहींना जास्त, काहींना कमी सुधारणा मिळते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम बॅरेट यांच्या सूत्रात हा वाटा धरलेला आहे. आपल्या मोजणीत तो धरला आहे का, हे रुग्णाने विचारण्यात काही गैर नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव. शेवटच्या तपासणीत डाव्या डोळ्यात अर्धा डायॉप्टर सिलेंडर शिल्लक निघाला आणि दूरचा चष्मा सुटला. कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहून येणाऱ्या केएमटी बसची पाटी दोन्ही डोळ्यांनी सारखीच वाचता येते, हे पूर्वी कधीच जमले नव्हते. पन्हाळ्याच्या रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांना फुटणारे लांब फराटे गेले; किंचित चकाकी मात्र दोन्ही डोळ्यांत आहे आणि ती साध्या भिंगाच्या डोळ्यातही तितकीच आहे. ‘पुढारी’ वाचायला जवळचा चष्मा लागतोच, कारण हेही एकाच अंतराचे भिंग आहे. टोरिक घेतले म्हणजे चष्म्यातून पूर्ण सुटका, असे जे सर्रास बोलले जाते, ते चुकीचे आहे.

वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात टोरिक भिंगाची तुलना पडद्याच्या कडेला छेद देऊन दोष कमी करण्याच्या पद्धतीशी केली आहे. शिल्लक दोष अर्ध्या डायॉप्टरच्या आत राहण्याची शक्यता भिंगाने जास्त, पण चष्म्याविना दिसण्यातील फरक लहान, असे त्यात आढळले. त्यामुळे ज्याचा सिलेंडर माझ्या उजव्या डोळ्याइतका किरकोळ आहे, त्याने या भिंगासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. माझ्या विम्याने साध्या भिंगाइतकीच रक्कम मंजूर केली. वरचा फरक खिशातून भरला. भिंगाची शक्ती आणि सिलेंडर नोंदवलेले कार्ड मी जपून ठेवले आहे आणि त्यावर अक्षाचा अंश डॉक्टरांकडून हाताने लिहून घेतला आहे, कारण पुढे कधी नजर बदलली तर भिंग फिरले की पडद्याचा आकार वयानुसार बदलला, हे त्या आकड्याशी ताडूनच ठरवता येते.