जुन्या गाडीत नवं इंजिन: व्हिडिओ पाहून पुढचा हप्ता देऊ नका

जुन्या गाडीत नवं इंजिन-गिअरबॉक्स बसवून देतो म्हणणाऱ्याने मला एकच गोष्ट चोख करून दाखवली: इंजिन चालू केलं. लोखंडी स्टँडवर इंजिन, बाजूला बॅटरी, पेट्रोलचा कॅन. किल्ली फिरवली की पहिल्याच झटक्यात सुरू. हा व्हिडिओ पाठवून लगेच पुढच्या हप्त्याची मागणी. इंजिन सुरू झालेलं पाहून कोण नाही म्हणणार?

गाडी ताब्यात आली तेव्हा तेच इंजिन सेकंदभर पेटायचं आणि बंद पडायचं. हे इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं लक्षण. इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या मूळ किल्लीतली चिप ओळखतो, ती नसेल तर पेट्रोल लगेच बंद करतो. मग स्टँडवर कसं चाललं? व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तर कोपऱ्यात भलत्याच गाडीचा मीटर आणि किल्लीसकट स्टिअरिंग कॉलम वायरींना लटकलेला. म्हणजे ईसीयू, मीटर, किल्ली असा अख्खा संच तेवढ्यापुरता उसना. माझ्या गाडीत बसवला तो कुठूनतरी आणलेला सुटा ईसीयू.

‘अपघातातल्या गाडीचं, जेमतेम चाललेलं इंजिन’ ही थापही टिकली नाही. ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो तिथे काळ्या रंगाचा जाड थर होता. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर खाली ग्राइंडरचे ओरखडे, आणि नंबराच्या जागी सपाट चकचकीत धातू. प्रत्येक व्हिडिओत ती बाजू भिंतीकडे होती, हे मग लक्षात आलं. असं इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतात, त्याच्या नाही.

खरं काम तर स्टँडवरून खाली उतरल्यावर सुरू होतं. १९५०च्या आसपासच्या कित्येक गाड्यांत वीज ६ व्होल्टची, काहींत तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. नव्या इंजिनाला १२ व्होल्ट आणि बॉडीला निगेटिव्ह लागतं. म्हणजे बल्ब, हॉर्न, वायपरची मोटर सगळं बघावं लागतं. कोटेशनमध्ये याची नोंद होती: ‘वायरिंग किरकोळ’.

पेट्रोलचंही तेच. जुन्या इंजिनाच्या कार्बोरेटरला ३ ते ५ पीएसआय दाब पुरतो, नव्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला साधारण ४० ते ६०. या महाशयांनी जुनाच रबरी पाइप ठेवून वर दोन क्लिपा आवळल्या होत्या. बॉनेट उघडलं तर पाइप ओला, आणि खाली एक्झॉस्ट. ही फसवणूक नुसती खिशापुरती नाही, गाडी पेटू शकते.

प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, कापून, वेल्डिंग करून लांबी जुळवली होती. बॅलन्सिंग केलेलंच नव्हतं. गिअरबॉक्सचं टोक आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं टोक समांतर हवीत, सांध्याचा कोन तीनेक अंशांच्या आत हवा, हे फिटरच्या पोरालाही माहीत असतं.

पण जीव तुटला तो चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा पाहून. नव्या इंजिनाखालचा ऑइल चेंबर चासीच्या आडव्या पट्टीला, क्रॉसमेंबरला, लागत होता, म्हणून त्याने क्रॉसमेंबरच मधून कापून वर पातळ पत्रा डागला. पुढचं सस्पेन्शन त्यावरच तोललेलं. चेंबर बदलून काम भागलं असतं, निदान विचारायचं तरी. आता मूळ मोजमापं मिळवून तो भाग नव्याने बांधावा लागतोय. आणि गाडीचं मूळ नंबराचं इंजिन? ‘भंगारात गेलं.’ जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या इंजिनाला काय भाव येतो हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं, त्यामुळे भंगाराची गोष्ट मी मानत नाही. तक्रारीत ती बाब वेगळी लिहून दिली आहे.

कुणी आता पैसे द्यायच्या बेतात असाल तर जुनं इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आधी स्वतःच्या घरी आणून ठेवा. नव्या इंजिनाचा नंबर, ते ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं आणि ईसीयूसोबतची मूळ किल्ली बघितल्याशिवाय उचल देऊ नका. मोठा हप्ता शेवटी ठेवा: गाडी स्वतःच्या चाकांवर, गर्दीत, रेडिएटरचा पंखा दोन-चारदा चालू-बंद होईपर्यंत चालवून पाहिल्यावरच द्यायचा. आणि चासीवर कुठेही कापायचं असेल तर आधी खडूची खूण, तिचा फोटो, तुमचा लेखी होकार, मग ग्राइंडर, हे करारात लिहून घ्या.